आरशासमोरचा आत्मविश्वास आणि खांबावरचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आत्मविश्वासावर पानभर मजकूर आला होता. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघून 'मला सगळं जमतं' असं म्हणायचं, मनात शंका आली की झटकून टाकायची, असा एकंदर सल्ला. शेजारी कोट घालून हाताची घडी घातलेल्या तरुणाचा फोटो. माझ्या धाकट्या मुलानं ते पान कापून कपाटाच्या दाराला चिकटवलंय. त्याच्या सध्या नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, म्हणून त्याला काही बोललो नाही. तुम्हाला लिहितोय. बाकीच्या सल्ल्याशी माझं फारसं भांडण नाही. आरशात बघून कुणाला बरं वाटत असेल तर त्यानं जरूर बघावं. पण 'शंका झटकून टाका' हे वाक्य काही माझ्या गळ्याखाली उतरेना. शंका झटकून टाकणाऱ्या माणसांच्या फोटोंना हार घातलेले मी माझ्या धंद्यात पाहिलेत.

मी वायरमन. कागदावर सांगायचं तर १९८६ साली हेल्पर म्हणून लागलो आणि २०२२ साली प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. मध्ये २००५ साली आमच्या विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या, पदांची नावं बदलली, बिलावरचं बोधचिन्ह बदललं. गावाच्या लेखी मात्र मी पहिल्या दिवसापासून वायरमनच, आणि ऑफिस म्हणजे अजूनही 'बोर्ड'. नोकरीचा बहुतेक काळ खटाव-माण भागात गेला. आलं, बटाटा, कांदा, विहिरीवरच्या मोटारी आणि 'लाईट कधी येणार' हा एकच प्रश्न. आमची बायकापोरंसुद्धा या प्रश्नातून सुटली नाहीत. बायको दळणाला गेली तरी गिरणीवाला तिला विचारायचा.

गावात वायरमनचा आत्मविश्वास कशावर मोजतात ते सांगतो. जो शटडाऊन न घेता, म्हणजे लाईन बंद करून न घेता, सरसर खांबावर चढतो, ग्लोव्हज खिशात ठेवून उघड्या हातानं फ्यूज बसवतो, तो 'डेरिंगबाज'. जो आधी सबस्टेशनला फोन लावतो, परमिट म्हणजे कामाची परवानगी घेतो, खाली उभा राहून वर बघत बसतो, तो भित्रा, नाहीतर कामचुकार. एकदा लग्नाच्या मांडवातली लाईट गेली. नवरी बोहल्यावर, वाजंत्रीवाले खोळंबलेले, भटजी घड्याळ बघतायत. सरपंच माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "अवो वायरमन, पाच मिनटाचं काम. त्याला शटडाऊन कशाला? मागच्या वायरमननं असाच तुकडा जोडला हुता की." त्या वेळी सगळ्या वऱ्हाडासमोर "लाईन बंद झाल्याशिवाय मी हात लावणार नाही" असं म्हणायला जेवढं बळ लागलं, तेवढं वर चढायला कधी लागलं नाही. मंगलाष्टका बॅटरीच्या उजेडात झाल्या. सरपंच पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

हे बळ माझ्यात जन्मजात नव्हतं. माझे वस्ताद एक जुने लाईनमन होते. बोलायला तिखट, पण शिकवायला त्यांच्यासारखा माणूस नाही. ते म्हणायचे, "लाईन बंद हाय असं ऑपरेटरनं सांगितलं, सायबानं सांगितलं, तुझ्या बापानं सांगितलं, तरी ती चालूच धर. लाईन सोता सांगंल तवाच ती बंद." आणि लाईन स्वतः कशी सांगते, हेच सगळं शिक्षण.

वाचकांना माहीत नसेल म्हणून थोडं फोड करून लिहितो. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनमधून त्या फीडरचा, म्हणजे तिथून निघणाऱ्या त्या लाईनचा, ब्रेकर बंद करून घ्यायचा आणि परमिट घ्यायचं. फोनवर फीडरचं नाव आपण सांगायचं आणि ऑपरेटरनं ते परत म्हणून दाखवायचं. एकाच सबस्टेशनमधून निघणाऱ्या दोन फीडरच्या नावांत कधी कधी 'बुद्रुक' आणि 'खुर्द' एवढाच फरक असतो, आणि त्या एका शब्दात माणूस जातो. मग जागेवर येऊन एबी स्विच, म्हणजे लाईन तोडायचा खांबावरचा स्विच, उघडायचा. त्याचं हँडल खाली माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतं आणि ब्लेड वर, खांबाच्या माथ्यावर, तीन फेजच्या तीन. हँडल खाली ओढलं की तिन्ही ब्लेड एकदम उघडायला हव्यात. उघडतातच असं नाही. गंज चढलेला असतो, एखादी ब्लेड जळून चिकटलेली असते. हँडल पूर्ण खाली आलेलं, आणि वर एक फेज जशीच्या तशी जोडलेली. म्हणून मान वर करून तिन्ही ब्लेड स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत वीज असलीच तर ती जमिनीत उतरवणारी काठी. आधी त्याची तार जमिनीत पक्की करायची, मग रॉड तिन्ही फेजला लावायचा, आणि काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावायचा. एका बाजूला लावून भागत नाही, कारण वीज कुठल्या बाजूनं येईल ते आपल्याला ठाऊक नसतं. शेजारून समांतर दुसरी चालू लाईन जात असेल तर बंद लाईनमध्येही दाब उतरतो. काम झाल्यावर आधी रॉड काढायचा, मग जमिनीतली तार. खाली उतरलेली माणसं मोजायची. आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि हे सगळं म्हणजे शंकाच आहे. प्रत्येक पायरीला आपण विचारतो, 'खरंच बंद आहे का?' तुमच्या पुरवणीच्या हिशेबानं हा आत्मविश्वासाचा अभाव झाला. माझा अनुभव असा, की ही सगळी विचारपूस झाली की तारेवर हात ठेवताना अंगात एक शांतपणा येतो. तो ठरवून आणता येत नाही. मागची एखादी पायरी गाळली असेल तर तो येतच नाही, वरून कितीही हसा. हात ठेवताना पोटात कुठंतरी बारीक ओढ लागते. वस्ताद सांगायचे की ती ओढ लागली की खाली उतर, काहीतरी राहिलंय. बहुतेक वेळा खरोखरच काहीतरी राहिलेलं असायचं.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं आमच्या सेक्शनला एक मुलगी विद्युत सहायक म्हणून आली. आयटीआय झालेली, शेतकऱ्याची पोर. सेक्शनमधल्या पोरांनी पहिल्या दिवशी पैज लावली की ही खांबावर चढणार नाही. ती चढली. अंगानं हलकी असल्यानं पोरांपेक्षा नीट चढली. तिची अडचण वेगळीच होती. तिचा आवाज निघायचा नाही. सबस्टेशनला फोन लावला की ऑपरेटर खेकसायचा, "जरा मोठ्यानं बोला," आणि ही आणखी बारीक व्हायची. शेतकरी भोवती जमले की ती माझ्या मागं सरकायची. एकदा मला म्हणाली, "काका, काम येतंय हो मला. पण मी सांगितलेलं खरं आहे असं मलाच वाटत नाही, तर दुसऱ्याला कसं वाटणार?"

तिला मी आरशासमोर उभं केलं नाही. एबी स्विचखाली उभं केलं. म्हटलं, "वर बघ आणि जे दिसतंय ते मोठ्यानं बोल. दिसतंय तेवढंच बोलायचं, जास्त नाही." तीन फेजना आमच्यात आर, वाय, बी म्हणतात. ती म्हणायची, "आर उघडी. वाय उघडी. बी उघडी." मी मुद्दाम लांब जाऊन उभा राहायचो आणि "ऐकू आलं नाही" म्हणायचो. रॉड लावताना, "आरला लागला. वायला लागला." परमिट परत करताना, "माणसं चार, चारही खाली." पोरं हसायची, म्हणायची काकांनी हिला कवायतीला लावलंय. हसू दे म्हटलं. 'मी सक्षम आहे' असं मोठ्यानं म्हणताना माणसाचा आवाज कापू शकतो, कारण ते खरं की खोटं हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. 'वाय उघडी आहे' असं म्हणताना आवाज कापायचं कारण नाही. ती उघडी आहे, डोळ्यांसमोर आहे.

पुढं एकदा असं झालं. मागच्या गावांची लाईट चालू ठेवून पुढच्या तुकड्यावर काम करायचं होतं. म्हणजे फीडर घटकाभर बंद करायचा, एबी स्विच उघडायचा, फीडर पुन्हा चालू करायचा आणि स्विचच्या पलीकडच्या मेलेल्या तुकड्यावर माणसं चढवायची. वरचे साहेब स्वतः हजर होते. उन्हाळ्याचे दिवस, पाण्याच्या पाळीवरून शेतकरी तापलेले. हँडल ओढलं. साहेबांनी फोन कानाला लावला, ऑपरेटरला चालू करायला सांगणार, तेवढ्यात ही म्हणाली, "बी चिकटलीय. चालू करू नका."

साहेब म्हणाले, "हँडल तर खाली आहे."

"साहेब, वर बघा."

त्यांनी वर पाहिलं. उन्हाला हात आडवा धरून परत पाहिलं. मग फोनवर म्हणाले, "थांबा, चालू करू नका." पोरगी जागची हलली नव्हती, आवाज चढवला नव्हता, पण त्या माळावर शेवटच्या माणसापर्यंत तो ऐकू गेला होता. माझ्या मागं तर ती नव्हतीच. ब्लेड वर जाऊन मोकळी करेपर्यंत आणखी वेळ गेला, शेतकऱ्यांनी आम्हाला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, संध्याकाळी लाईट आली. त्या दिवसाची कुणी दखल घेतली नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. तीस-पस्तीस वर्षं एकाच भागात काम केल्यावर लाईन ओळखीची होते. कुठल्या खांबाचा ताण सैल आहे, कुठल्या डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, तेलाला वास मारतो, कुठल्या वळणावर वटवाघळं लटकतात, अंधारातही पाय बरोबर जागेवर पडतो. ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावरून लोड किती आहे ते सांगता येतं. ब्रीदरमधली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या डबीतली, निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओल शिरली हे लांबून दिसतं. या सगळ्याला मी माझा आत्मविश्वास समजत होतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि त्यानंतर आमची तुकडी तिकडं मदतीला गेली. तिथं माझी ओळख काही कामाला आली नाही.

घाटावरच्या माणसाला ते दृश्य सांगून समजणार नाही. नारळ आणि सुपारीची झाडं तारांवर आडवी, तारा झाडांखाली, खांब मोडून वाड्यांच्या कौलांवर. लाल चिखल, वरून पाऊस, आणि त्यात करोनाचे दिवस, तोंडाला मास्क. कुठली लाईन कुठून येते ते आम्हाला माहीत नाही, आणि स्थानिक कामगारांची स्वतःची घरं उघडी पडलेली. लोक मात्र चांगले. स्वतःच्या घरात अंधार, पण आम्हाला फणसाचे गरे आणि घावणे आणून द्यायचे. पहिले दोन-तीन दिवस मी पार गोंधळलो होतो. माझ्या गावात रात्री डोळे मिटून चढणारा मी, इथं भर दिवसा दोनदा विचारत होतो, 'ही तार कुठली?'

मग लक्षात आलं की ओळख गेली तरी पद्धत माझ्याबरोबर आहे. रॉड तोच, दोन्ही बाजूंना लावायचा तोच, माणसं मोजायची तीच. एका वाडीत साध्या लघुदाबाच्या, म्हणजे घरोघरी वीज नेणाऱ्या, लाईनवर काम होतं. सगळा भाग कित्येक दिवस काळोखात, वर सबस्टेशनच मेलेलं. बरोबरचा एक पोरगा म्हणाला, "काका, इथं चार कोसात लाईट नाही, रॉड कशाला?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तरी रॉड लावला. तारेला टेकताच चरचर ठिणगी पडली आणि झाडांच्या पलीकडं कुठंतरी एक जनरेटर घरघरत बंद पडला. कुणीतरी घरात जनरेटर लावला होता आणि मेनस्विच बंद न करता, चेंजओव्हर (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) न बसवता तो थेट घरच्या वायरिंगला जोडला होता. त्याची वीज त्याच्या घरातले दिवे लावून उरलेली मीटरमधून उलट बाहेर येऊन आमच्या तारेत उभी होती. ज्यांचं घर होतं ते धावत आले, हात जोडायला लागले. त्यांना याची कल्पनाच नव्हती. पोरगा काही बोलला नाही. त्यानं दुसऱ्या बाजूचा रॉड उचलला आणि स्वतःच लावायला गेला.

ओळखीच्या जागेवरचा आत्मविश्वास जागेबरोबर जातो, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी समजलं. नवीन नोकरीला लागणाऱ्या, सासरी आलेल्या, पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात गेलेल्या पोरापोरींना पहिले महिनाभर आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. त्यांचं येणं कुठं गेलेलं नसतं. त्यांची ओळख मागं राहिलेली असते.

एक गोष्ट तुमच्या लेखात नव्हती आणि ती नसणं मला जास्त खटकलं. माझ्या मुलीचा बारावीचा निकाल होता, आदल्या रात्री घरात वादावादी झाली होती, झोप नव्हती. सकाळी काम निघालं आणि खांबाशी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बेल्टचा हूक लावला की नाही ते मलाच आठवत नाहीये. मी जोडीदाराला म्हटलं, "आज मी वर जात नाही. तू जा, मी खाली बघतो." त्यानं कारण विचारलं नाही, गेला. आमच्या जोडीत हे चालायचं. त्याची आई आजारी होती तेव्हा त्यानंही मला असंच सांगितलं होतं. आपलं मन आज जागेवर नाही हे ओळखणं आणि ते तोंडानं बोलून दाखवणं, याला तुमच्या पुरवणीत काय म्हणतात मला माहीत नाही. मी त्याला कामातलं सर्वांत वरचं कौशल्य म्हणतो. आतली खबर घेतल्याशिवाय बाहेरचा रॉड लावून निम्मंच काम होतं.

पण हे मला बोलता आलं, कारण मी कायम नोकरीत होतो आणि माझा जोडीदार समजूतदार होता. आज खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटी पोरं कितीतरी आहेत. रोजावर, ठेकेदाराच्या हाताखाली. तो पोरगा 'आज माझं मन थाऱ्यावर नाही' असं म्हणाला तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो. त्याला आरशासमोर उभं राहून काय म्हणायला सांगणार आहात? आत्मविश्वासाची सगळी जबाबदारी एकट्या माणसावर टाकून मोकळं होण्याची हल्ली पद्धत पडलीय. माणसाला थांबायचा हक्क दिला, 'थांबा' म्हटल्यावर कुणी खेकसलं नाही, तर निम्मा आत्मविश्वास आपोआप येतो. त्या मुलीच्या बाबतीत साहेबांनी वर पाहिलं, ही तिच्याइतकीच त्यांचीही गोष्ट आहे. 'मला शिकवतेस?' असं म्हणणारे साहेबही मी पाहिलेत. त्यांच्या हाताखालची माणसं बोलायची बंद होतात आणि मग चिकटलेली ब्लेड कुणीच बघत नाही. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, हल्ली त्याच दिवशी लाईनमन दिवसही होतो. गुच्छ देतात, शपथ घेतात. त्या शपथेत साहेबांसाठी एक ओळ घालायला हवी: 'खालच्या माणसानं थांब म्हटलं तर मी थांबेन.'

निवृत्तीनंतरचं थोडक्यात लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. फोन वाजायचा थांबला. रात्री वारा सुटला की अजून जाग येते, उठून खिडकीतून रस्त्यावरचा दिवा बघतो, आणि मग आठवतं की हे आता आपलं काम नाही. काही महिने मी घरात चिडचिडा झालो होतो. बायको म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही माझ्यावर डाफरताय." बरोबर होतं. मग आमच्याच आळीतल्या घरांचे बोर्ड बघायला लागलो. फुकट, कुणी बोलावलं तर. कुठं फ्यूजमध्ये फ्यूजवायरीच्या जागी जाड तांब्याचा पीळ घातलेला, कुठं अर्थिंगची तार नुसती लोंबकळत, कुठं ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाईट तोडणारा खटका, बसवलेला पण बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही. या ईएलसीबीवर एक छोटं चाचणीचं बटण असतं. ते दाबलं की घरातली लाईट गेली पाहिजे. गेली नाही तर तो खराब, बदलायचा. घरात बसवतात तो तीस मिलीअँपिअर गळतीला पडतो, म्हणजे माणसाला झटका बसला तर जीव जायच्या आत. महिन्यातून एकदा बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं.

आमच्या शेजारच्या एक बाई, त्यांचे मालक गेल्यापासून एकट्याच असतात. लाईट गेली की बोर्डाकडं बघायलासुद्धा घाबरायच्या, रात्र अंधारात काढायच्या. त्यांना मी ते बटण दाखवलं. म्हणाल्या, "भावजी, दाबल्यावर मला शॉक नाही ना बसायचा?" म्हटलं, "नाही, आणि दाबायच्या आधी पायात चप्पल घाला, हात कोरडा करा." पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून दाबलं. खट् आवाज झाला, पंखा थांबला, त्या दचकल्या आणि हसल्या. मग खटका स्वतःच वर केला. आता आळीतल्या बायकांना त्या शिकवतात. परवा माझ्याच घरात येऊन विचारलं, "तुमचं या महिन्याचं दाबलं का?" मी दाबलं नव्हतं.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. सगळं छापायला जागा नसेल तर काटछाट करा, पण पुढचा मजकूर तेवढा कृपया ठेवा. पावसाळा तोंडावर आलाय. ज्यांच्या घरी, दुकानात, मंगल कार्यालयात, पोल्ट्रीत जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच लावून घ्यावा, तोही परवानाधारक माणसाकडून. दोन टोकांना पिना लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून जनरेटरची वीज घरात घेऊ नये. इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज उलट बाहेर जात नाही ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं. तुटून पडलेली तार बंद आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी तिच्याजवळ जाऊ नये, जनावरं आणि पोरं लांब ठेवावीत आणि १९१२ वर कळवावं. आणि वायरमन खांबाखाली उभा राहून वर बघत असला तर त्याला घाई करू नये.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. खटाव, जि. सातारा

(नाव छापू नये, ही विनंती. मुलगा ते पान अजून कपाटावर ठेवून आहे.)